तिहाई कुठे पडणार, हे तीन वर्षांच्या मुलाला कळतं

तबला, पेटी, बासरी किंवा गाणं काही वर्षं मनापासून शिकलेली, संगीताच्या परीक्षांत मध्यमा-विशारदपर्यंत पोचलेली मुलंमुली मला विचारतात, "ताई, तुम्ही बालवाड्यांत जाऊन वाजवता ते नेमकं काय असतं? आम्हाला जमेल का?" विचारताना कुतूहल असतं, तशी थोडी शंकाही असते. कार्यक्रम मिळत नाहीत तोवर करायचं हे काम असावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी मिरजेत राहते. तबला वाजवते, भजनाला आणि शास्त्रीय गाण्याला साथ करते. सांगली, मिरज आणि कुपवाडच्या अंगणवाड्यांत, बालवाड्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर वाजवणं हे माझ्या आठवड्यातलं सगळ्यात आवडतं काम आहे. दुसऱ्या कुठल्याही श्रोत्यांनी मला एवढा आनंद दिलेला नाही. तो कशातून येतो आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यासाठी काय तयारी करावी, ते इथे लिहिते आहे.

तिहाईपासूनच सुरू करते. बोलांचा एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा धा नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आणायचा, ही तिहाई. मैफलीत तिच्यासाठी जाणकार श्रोते कान टवकारून बसतात. बालवाडीत मी अगदी छोटी घेते. "तिरकिट धा, तिरकिट धा, तिरकिट धा." आधी तोंडाने म्हणते, मग वाजवते, शेवटच्या धाला सगळ्यांनी टाळी. दोन-तीनदा झालं की शेवटचा धा वाजवतच नाही. हात डग्ग्यावर वरच्या वर धरून ठेवते आणि मुलांकडे बघते. आणि खोलीभर एकच आवाज येतो, "धा!" ज्यांना अजून दहापर्यंत आकडे म्हणता येत नाहीत, त्यांच्या अंगात ते 'तीन' पक्कं बसलेलं असतं. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा वाजवणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ताल आपल्याला शिकवायचा नाहीच, तो तिथे आहे, आपण फक्त त्याला हाक मारायची आहे, असं त्या क्षणी वाटून जातं.

तिहाईत दोन प्रकार असतात हे तुम्हाला माहीत आहे. बेदम म्हणजे मध्ये न थांबता घेतलेली, दमदार म्हणजे प्रत्येक तुकड्यानंतर थोडी विश्रांती घेणारी. मुलांना दमदार तिहाई फार आवडते. त्या मधल्या रिकाम्या जागेत मुलं श्वास धरतात, खांदे वर होतात, कुणी शेजाऱ्याचा हात पकडतं. जागा थोडी वाढवली तरी ती थांबून राहतात, आधी उडी मारत नाहीत. मग हळूहळू ती स्वतःच्या तिहाया करायला लागतात. कुपवाडच्या एका अंगणवाडीत एका मुलीने "खिचडी खा, खिचडी खा, खिचडी खा" असं म्हणून दाखवलं आणि शेवटच्या 'खा'ला दोन्ही पाय आपटले. मी तेच बोल तबल्यावर काढले तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की तिने बांधलेली रचना मी वाजवते आहे हे तिला पुरतं समजलेलं आहे. त्या वर्गात आता आठवड्याला नवी तिहाई तयार असते. पाऊस, बस, मांजर, शेजारच्या घरातलं बाळ, काहीही चालतं.

तबल्याचे बोल हे मुलांसाठी आयतंच बडबडगीत आहे. धागे, तिरकिट, कडधा, धिनगिन. अर्थ नाही, पण तोंडाला मजा आहे. म्हणून नव्याने येणाऱ्या तबलावादकांना माझा पहिला सल्ला असा, की वाजवण्याच्या दुप्पट पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा. हाताने वाजवताना मुलं बघतात. तोंडाने म्हणताना मुलं तुमच्यात सामील होतात. परीक्षेसाठी आपण पढंत करतो ती घाईने, हातावर टाळी-खाली दाखवत. इथे प्रत्येक बोल चवीने म्हणायचा, चेहऱ्यासकट. गाणारे असाल तर सरगमीचं तसंच करता येतं. बासरीवाल्यांना तोंड मोकळं नसतं, पण त्यांच्याकडे श्वास आहे. मोठा श्वास घेताना मुलांना दिसला पाहिजे, तीही छाती फुगवतात आणि मग सूर येण्याची वाट बघतात.

कुणी म्हणेल, हे सगळं मोबाईलवर गाणं लावूनही होतं. अंगणवाडीत हल्ली स्पीकर असतो, ताई गाणं लावतात, मुलं नाचतात. त्यात काही वाईट नाही. पण जिवंत वाजवण्यात वेगळं काय घडतं, हे जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छान दिसलं होतं. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. एकदा समोर माणूस वाजवत होता, एकदा ढोल बडवणारं यंत्र होतं आणि एकदा नुसता स्पीकरमधून ठोका येत होता. मुलांचा ठेका सगळ्यात चांगला जुळला तो माणसाबरोबर. एरवी लहान मुलं आपल्याच गतीने वाजवतात असं आपण मानतो, पण समोर माणूस असला की अडीच वर्षांची मुलंसुद्धा स्वतःची सवयीची गती सोडून त्याच्या गतीला आली. मी तो प्रयोग वाचला तेव्हा मला माझ्या सतरंजीवरची मुलं आठवली. त्यांना ठोक्याशी जुळवून घ्यायचं नसतं, त्यांना आपल्याशी जुळवून घ्यायचं असतं.

आणि आपणही त्यांच्याशी जुळवून घेऊ शकतो, हे स्पीकरला कधीच जमणार नाही. एखादं मूल अर्ध्यात उठून तबल्याजवळ आलं तर मी आवाज कमी करते. कुणी तोल जाऊन पडलं तर ते उठेपर्यंत ठेका तिथेच फिरत ठेवते. गाण्याची ओळ म्हणताना कुणी शेवटचा शब्द खेचून ठेवला तर आम्ही सगळे त्याच्यासाठी थांबतो. साथ करणाऱ्याला ही सवय असते. गायक तान घेत असताना त्याच्या श्वासावर लक्ष ठेवून सम गाठायची, हेच तर साथीचं काम. म्हणून मला वाटतं, एकल वादनात रमणाऱ्यापेक्षा साथ केलेली माणसं मुलांसमोर लवकर रुळतात. तुम्हाला साथीचा सराव नसेल तर भजनी मंडळात बसा. तिथे कधी कोण ओळ लांबवेल, कोण मध्येच गजर सुरू करेल, सांगता येत नाही. ती तयारी इथे फार उपयोगी पडते.

आता थोडं तांत्रिक, कारण नव्या लोकांची अडचण इथेच होते.

पहिली गोष्ट पट्टीची, म्हणजे सा कुठल्या स्वरावर धरायचा याची. तीन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांचा आरामाचा आवाज पेटीवरच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून (दुसरी पांढरी पट्टी) पांढरी सहाच्या आसपासपर्यंत चालतो, म्हणजे जेमतेम पाच स्वर. पांढरी दोनचा सा धरला तर सा ते प एवढाच प्रदेश त्यांचा. बायका सहसा काळी चार-पाचच्या पट्टीत गातात आणि गाणं तिथेच सुरू करतात, मग मुलं खालच्या स्वरांना नुसती पुटपुटतात. पुरुष गातात ते एक सप्तक खालून, आणि लहान मुलाला तो स्वर कुठे धरायचा हे चटकन कळत नाही. पुरुषांनी शक्य असेल तर पेटीवर किंवा बासरीवर मुलांच्या सप्तकातला सूर सोबत ठेवावा. गाणी निवडताना चाल पाच स्वरांत मावते का, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. आपली जुनी पारंपरिक बडबडगीतं, भोंडल्याची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या बऱ्याचदा तेवढ्याच स्वरांत फिरतात. त्यामुळे मी नवीन गाणी शोधत बसत नाही.

मी मुद्दाम मोठ्या तोंडाचा, साडेपाच इंचांच्या आसपासचा तबला नेते. तो पांढरी दोनला छान लागतो आणि त्याचा आवाज गोल असतो. टिपेचा लहान तबला छताखालच्या छोट्या खोलीत कानाला टोचतो. झांजा आणि मोठे टाळ मी आत वाजवत नाही. ताशा आणि हलगी तर अजिबात नाही, त्यांची जागा मोकळ्या मैदानात. जागतिक आरोग्य संघटनेने कानात घालून ऐकायच्या उपकरणांसाठी सुरक्षित आवाजाची जी मर्यादा सांगितली आहे, ती मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांना तेवढ्याच वेळाला ७५ डेसिबल आहे. आवाज मोजणारं साधं ॲप मोबाईलवर मिळतं. एकदा तरी रिकाम्या वर्गात वाजवून मोजून बघा. सिमेंटच्या भिंती, लादी आणि पत्र्याचं छत असलेल्या खोलीत आपलं नेहमीचं वादन किती मोठं होतं, ते लगेच दिसतं. सतरंज्या अंथरल्या आणि खिडक्या उघडल्या तरी फरक पडतो.

लयीबद्दल एक बारकावा. मोठ्या माणसाने सहज टाळी वाजवायला सुरुवात केली तर ती मिनिटाला साधारण १०० ते १२०च्या आसपास पडते. चार वर्षांच्या मुलाची सहज टाळी याहून बरीच जलद असते. पाय लहान, पावलं लहान, त्यामुळे चालही भराभर. आपण "मुलं आहेत, सावकाश वाजवू" म्हणून केरवा ताल संथ धरतो आणि मग मुलं पुढे पळतात, तेव्हा वाटतं त्यांना ताल कळत नाही. आधी त्यांच्या लयीत जा. ती तुमच्याबरोबर आली की मग हळूहळू ठाय करा, म्हणजे लय संथ करा, ती येतात. उडी मारायला केरवा, डोलायला दादरा, एवढ्यावर माझा बराच वेळ निघतो. झपतालाच्या दहा मात्रांवर चालून बघायला मोठ्या गटातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांना मजा येते, पण ती गंमत म्हणून, शिकवायचं म्हणून नाही.

तबला लावणं हाही मुलांसाठी कार्यक्रमाचाच भाग आहे, म्हणून मी घरून लावून आणत नाही. पिशवीतून चुंबळ काढायची, तबला ठेवायचा, हातोडी काढायची. हातोडीला बघून मुलं पुढे सरकतात. वाद्यांखालच्या लाकडी गट्ठ्यावर एक ठोका, कडेच्या चाटेवर बोट, पुन्हा ऐकायचं. "आता बारीक झाला," कुणीतरी सांगतं. "अजून मार की!" दुसरं म्हणतं. स्वर जुळला की मी मान हलवते आणि काही आठवड्यांनी मुलंही त्याच क्षणी मान हलवायला लागतात. त्यांना स्वराचं नाव माहीत नसतं, पण जुळलं हे ऐकू आलेलं असतं. तबला जुळवताना एवढं लक्ष देऊन ऐकणारे श्रोते मला मोठ्या सभागृहात मिळाले नाहीत.

मिरजेत राहण्याचं भाग्य असं, की तानपुरे करणारी माणसं हाकेच्या अंतरावर आहेत. इथल्या सतारमेकरांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद्यं घडतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मी अधूनमधून ओळखीच्या घरून तानपुरा घेऊन बालवाडीत जाते. तो सतरंजीवर आडवा ठेवते आणि तीन-तीन मुलांना जवळ बोलावते. एकाने भोपळ्याला कान लावायचा, एकाने दांडीवर हात ठेवायचा, एकाने फक्त तारांकडे बघायचं. मी तारा छेडत राहते. कान लावलेल्या मुलाचे डोळे मोठे होतात. हात ठेवलेलं मूल "गुदगुल्या होतात" म्हणतं. हा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला शेतात पिकतो, तो वाळवतात, कापतात, मग त्यावर लाकूड बसवतात, हे सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. भाजीतला भोपळा आणि हा भोपळा यांचं नातं जुळायला थोडा वेळ लागतो. कमी ऐकू येणारं मूल गटात असेल तर त्याचा तळवा भोपळ्यावर जास्त वेळ राहू द्या. त्याला तिथून जे मिळतं ते त्याचं स्वतःचं असतं.

तानपुरा वाजत असताना खोली शांत होते, पण त्यासाठी "गप्प बसा" म्हणावं लागत नाही. मी तर मुलांना गप्प बसवायचं नाही असाच नियम ठेवला आहे. ती बोलतात, लोळतात, उठून फिरतात आणि तरीही ऐकत असतात. भिंतीकडे तोंड करून रंगाच्या डब्याशी खेळणाऱ्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी सांगते, "घरी सगळे बोल म्हणत होता." हे इतक्यांदा ऐकलं आहे, की आता कुणी माझ्याकडे बघत नाही म्हणून मला काळजी वाटत नाही.

वाद्याला हात लावू द्यायचा का, हा प्रश्न प्रत्येक नवीन वादक विचारतो. माझं उत्तर हो. पण वाद्य चांगल्या अवस्थेत राहायला हवं, कारण तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, ओल्या किंवा चिकट हाताने खराब होते आणि मधली काळी शाई नखाने उकरायचा मोह मुलांना होतोच. म्हणून खाऊच्या आधीची वेळ मागून घ्या. खिचडी खाऊन हात धुतलेली मुलं ओले हात घेऊन थेट तबल्याकडे येतात. हात पुसायला एक सुती पंचा जवळ ठेवा आणि "पंचा, मग तबला" हा क्रम सवयीचा करून टाका. एका वेळी एकच मूल, त्याच्या हातावर आपला हात न धरता. त्याला स्वतः शोधू द्या की मधे मारलं तर काय होतं आणि कडेला मारलं तर काय. डग्ग्यावर मनगट घासून निघणारा घुमारा काही मुलांना पहिल्या दिवशी घाबरवतो. त्या मुलांसाठी डग्ग्यावर पंचा टाकून आवाज दाबा. पुढच्या वेळी पंचा काढायचा का, हे त्यालाच विचारा. बहुतेक वेळा तेच ओढून काढतं.

मुलांच्या हातात द्यायला डिमडी, खंजिरी, लाकडी चिपळ्या आणि बाटलीत ज्वारी घालून केलेले खुळखुळे पुरेसे आहेत. खुळखुळ्याचं झाकण चांगल्या डिंकाने पक्कं चिकटवा. सुटे घुंगरू कधीही देऊ नका, ते तोंडात जातात. पट्टीला शिवलेले असले तरी दर वेळी टाके तपासा. सगळ्यांना एकदम वाद्यं वाटली की दहा मिनिटं नुसता गोंगाट होतो. तोही कधीतरी होऊ द्यावा. एरवी चार-पाच वाद्यं फिरवत ठेवावीत.

वेळ लहान ठेवा. तीन-चार वर्षांच्या गटाला पंधरा-वीस मिनिटं, पाच-सहा वर्षांच्यांना अर्धा तास पुष्कळ झाला. नवीन गोष्ट एका वेळी एकच, बाकी सगळं मागच्या वेळचं. मुलांना "परत" हा शब्द फार प्रिय असतो. आपल्याला एकच चीज आठव्यांदा वाजवताना कंटाळा येईल असं वाटतं, पण येत नाही, कारण समोरची मुलं आठव्यांदाही पहिल्यासारखीच हसतात, आणि त्या हसण्याने आपल्या हातातला बोलही ताजा होतो. पुनरावृत्तीची भीती वाटत असेल तर लय किंवा आवाज थोडा बदला, गाणं बदलू नका.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मुलांच्या घरचं संगीत. कुपवाडच्या एमआयडीसीच्या बाजूला अंगणवाडीत येणारी मुलं एका भाषेची नसतात. मराठी, कन्नड, दखनी उर्दू, हिंदी, भोजपुरी, सगळं कानावर येतं. एका सकाळी नातवाला सोडायला आलेल्या एक आजी दारातच थांबून ऐकत होत्या. सेविकाताईंनी त्यांना आत बसवलं आणि विचारलं, "आजी, तुमच्याकडं बाळाला कुठलं गाणं म्हणता?" आजींनी लाजत एक कन्नड पाळणा म्हटला. मला शब्द कळत नव्हते, पण दादऱ्याच्या अंगाने जाणारी चाल होती, मी बोटांनी हलकासा ठेका धरला. त्यांचा नातू, जो रोज कोपऱ्यात बसायचा, तो उठून आजीच्या मांडीला टेकला आणि इकडेतिकडे बघू लागला, सगळे ऐकताहेत ना म्हणून. त्यानंतर तो पाळणा त्या अंगणवाडीचाच झाला, मराठी मुलंही म्हणतात. तेव्हा तुमच्या आवडीची गाणी बाजूला ठेवून आधी आया, आज्या, मदतनीस यांना विचारा. सेविकांकडे तर गाण्यांचा खजिना असतो. त्यांना मागे बसवून आपण कार्यक्रम करू नये, त्यांना सोबत गायला घ्यावं, कारण आपण आठवड्यातून एकदा जातो आणि त्या रोज असतात.

अंगणवाडी ही जागाच मुळात मुलांकडे जाण्यातून जन्मली. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवायची, असा त्यांचा मार्ग होता. त्या मातीत वारली पाड्यांवर तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं, तारपावाला मध्ये असतो आणि हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती फिरतात, लहान मुलंही त्यात असतात. मला बालवाडीतल्या वादनाची रचना तशीच आवडते. व्यासपीठ नको, खुर्च्यांच्या रांगा नकोत. वाजवणारा जमिनीवर, मुलांच्या उंचीला आणि मुलं चहूबाजूंनी.

परवानगीचं थोडक्यात सांगते. सरकारी अंगणवाडी असेल तर सेविकेशी बोलून भागत नाही. पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या, काय वाजवणार, किती वेळ, कुठल्या वारी, हे त्यात लिहा. खासगी बालवाडीत मुख्याध्यापिकांना भेटा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवलं तर विश्वास बसायला मदत होते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याची माहिती करून घ्या. मुलांबरोबर एकट्याने कधी थांबू नका, वर्गात सेविका किंवा शिक्षिका हवीच. फोटो आणि व्हिडिओ पालकांच्या परवानगीशिवाय काढू नका. मला तर ते न काढणंच बरं वाटतं, कॅमेरा समोर आला की मुलं आणि आपण दोघंही वेगळे वागतो.

पैशाचं म्हणाल तर यावर एकट्याने घर चालवणं अवघड आहे. खासगी शाळा तासाप्रमाणे किंवा महिन्याचं मानधन देतात, संस्था कधी मानधन तर कधी फक्त प्रवासखर्च देतात, काही ठिकाणी काहीच मिळत नाही. माझी शिकवणी आणि कार्यक्रमांची साथ चालू आहे, त्यात हे बसवलं आहे. पण मानधन ठरवताना संकोच करू नका. तुमची वर्षानुवर्षांची तालीम तिथे येते आहे. चामडं, शाई, दुरुस्ती यांना खर्च येतो. जिथे फुकट जाल तिथे स्वतः ठरवून जा.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत असाल तर त्या सोडू नका. हात तयार असल्याशिवाय मन मोकळं होत नाही, आणि मुलांसमोर सगळं लक्ष मुलांकडे लागतं, बोटांकडे बघायला सवडच नसते. ठेके झोपेतही चुकणार नाहीत इतके पक्के हवेत.

स्नेहसंमेलनाबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते मी प्रत्येक ठिकाणी सांगते. वर्षाच्या शेवटी "मुलांकडून एक छान कार्यक्रम बसवून घ्या" अशी मागणी येते. मोठे स्पीकर, टोचणारे कपडे, रात्रीची वेळ, समोर अंधार. चार वर्षांच्या मुलाला त्यात काय मिळतं? वर्षभर त्याने आवाजाशी जो खेळ केला, त्याच्याशी याचा काही संबंध नसतो. मी त्याऐवजी पालकांना आमच्या नेहमीच्या सकाळी बोलावते. त्यांनी सतरंजीवर मुलांमागे बसायचं आणि मुलं करतील ते करायचं. वडीलमंडळी सुरुवातीला अवघडून बसतात, आणि मग त्यांचं पोरगं त्यांना तिहाई शिकवतं. "पप्पा, आत्ता नाही! थांबा! आता!" एखाद्या बापाचा धा चुकतो आणि सगळी खोली त्याला परत करायला लावते. त्यातले काही जण पुढच्या आठवड्यात स्वतःहून येतात.

असेच पालक नंतर विचारतात, "हिला आवड दिसते, तबल्याच्या क्लासला कधी घालू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. हात आणि बोटं जरा भरायला सात-आठ वर्षांचं वय येऊ द्या, तेव्हा चांगला गुरू बघा आणि क्लासला घालण्याआधी तिला दोन-तीनदा नुसतं बसून ऐकू द्या. तोवर घरी तिच्याबरोबर रोज थोडं गा, सुरात असो नसो. भाकरी थापताना जो ठेका पडतो त्यावर तिला बोल म्हणू द्या. देवळात भजन असेल, गावात कीर्तन असेल, शेजारी कुणी पेटी वाजवत असेल, तिथे तिला पुढच्या रांगेत, वाजवणाऱ्याचे हात दिसतील असं बसवा, आणि तिला उठावंसं वाटलं की लगेच घेऊन या.